नावाड्याच्या लेकीची पोथी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा पोथ्या छापत नसत, हातानं उतरवून घेत, आणि उतरवणाऱ्याची बोटं म्हातारपणी वाकडी होत. त्यामुळे त्या राज्यात कुणी उगाच लिहीत नसे. हल्लीचं सोडा.

राजधानीत एक पोथीशाळा होती. कुणीही यावं आणि आपण रचलेली गोष्ट तिथं द्यावी. बारा लेखनिकांपैकी एक जण ती उतरवायला घेई. तो शेवटच्या पानापर्यंत पोचला, तर तिच्या बारा प्रती होत आणि सुगी संपली की बारा गावांच्या देवळांत त्या वाचल्या जात. पण मध्येच लेखनिकाचं मन उडालं, हात आपणहून थांबला, तर त्यानं त्या पानाला लाल दोरा बांधायचा आणि पोथी परत पाठवायची. का थांबलो ते सांगायचं नाही. हा नियम कुठल्या राजानं केला ते ठाऊक नाही, पण रटाळ पोथ्यांनी बिचारा फार गांजला असावा.

त्याच राज्यातल्या एका नदीवर एक नावाडी होता. त्याला एकुलती एक लेक. तिची आई ती पाळण्यात असतानाच गेली होती, म्हणून बाप तिला नावेतच घेऊन बसायचा. ती नावेतच रांगली, नावेतच बोलायला शिकली. पलीकडच्या गावाला रोज जाणाऱ्या पंतोजींनी तिला नावेतच मुळाक्षरं गिरवायला लावली. चार वर्षांत ती झरझर लिहू लागली, तेव्हा पंतोजींना स्वतःचंच कौतुक वाटलं.

नावेत बसलं की माणसाची जीभ सैल सुटते. हातात काम नाही, ऐकणारे उठून जाऊ शकत नाहीत, आणखी काय हवं? कुणी भाऊबंदकीच्या कथा सांगे, कुणी पळून गेलेल्या जावयाच्या. पण नदी ती केवढी! गोष्ट रंगात यावी आणि नाव काठाला लागावी. लोक धोतर सावरत उतरून जात आणि ही पोर अर्धी गोष्ट घेऊन तशीच बसून राही. उरलेली अर्धी ती मनानं जुळवायची. अशीच तिला गोष्टींची गोडी लागली.

तिला एकच ध्यास होता. आपली गोष्ट कधीतरी अशा देवळात वाचली जावी, जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही, आणि तिथल्या कुणाचा तरी ऐकता ऐकता श्वास अडकावा. दुसरं तिला काही नको होतं. रोज नाव लोटताना ती पलीकडच्या काठाकडे बघायची.

दर वर्षी पौष महिन्यात, संक्रांतीच्या आधी, एक बाई नावेतून पलीकडे जाई. अंगावर विटकं लुगडं, हातात छोटं गाठोडं. गाठोड्यात तिळाचे लाडू आणि एक नवा खण.

"कुठं निघालात, मावशी?" पोरीनं एकदा विचारलं होतं.

"लेकीकडं," बाई म्हणाली, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत पाण्याकडे बघत राहिली. नाव लागली, बाई उतरून गेली.

नावाड्याच्या लेकीनं पहिली पोथी लिहिली ती या बाईवर. गोष्टीतली लेक तिनं राणी केली. राणी महालाच्या पायऱ्या उतरून धावत आईकडे येते, असा शेवट. पोथी परत आली. बाई नावेतून उतरते त्या पानाला दोरा बांधलेला होता.

तिनं शेवट बदलला. दुसऱ्या वर्षी लेक एका शापानं दगड झाली. दोरा त्याच पानाला. तिसऱ्या वर्षी तिनं वाटेत वाघ घातला. वाघ तरी लेखनिकाला आवडेल असं तिला वाटलं होतं. दोरा पुन्हा त्याच पानाला, आणि या वेळी जरा घट्टच.

तेव्हा मात्र ती पोथी काखेत मारून, तीन दिवस चालत राजधानीला गेली. दोरा बांधणारा लेखनिक म्हातारा होता, भुवयासुद्धा पिकलेल्या.

"आजोबा, वाघात काय वाईट होतं?" तिनं विचारलं.

"सांगायचं नसतं," म्हातारा म्हणाला. पण पोरीच्या पायांना फोड आलेले त्यानं पाहिले आणि हातातला बोरू खाली ठेवला. "तुझी बाई नावेत असते, तोवर माझा हात चालतो. ती पदर बोटाला गुंडाळते, ते मला दिसतं. काठावर उतरली की तू तिला ओळखत नाहीस. मग मी तरी कशाला ओळख दाखवू?"

पोर परत आली. नावाड्यांची ही खोडच असते. काठ आला की माणूस संपलं असं त्यांना वाटतं. तिच्या सात पिढ्यांत कुणी कुठल्या उतारूच्या मागे गेलं नव्हतं.

पौष आला. बाई आली, पलीकडे उतरली, आणि नावाड्याच्या लेकीनं वल्हं बापाच्या हाती दिलं. "बा, आज नाव तू आण," एवढंच म्हणून ती बाईच्या मागोमाग निघाली.

दोन कोसांवर एक गाव होतं. वेशीपाशी विहीर, विहिरीजवळ चिंच. बाई चिंचेखाली जाऊन उभी राहिली, ती उभीच. बऱ्याच वेळानं गावातली एक सुखवस्तू बाई पाण्याला आली. तिच्या मागे पाच-सहा वर्षांची एक मुलगी होती, कपाळावर तीट लावावी तसा जन्मखुणेचा डाग. मुलगी विहिरीभोवती लंगडी घालत होती. दोघी पाणी घेऊन गेल्या. मग बाईनं शेजारच्या घरातल्या तेलिणीला गाठोडं दिलं, "देवीचा प्रसाद म्हणून दे," म्हणाली आणि माघारी वळली. वळली तशी नावाड्याची लेक समोर उभी.

"तुमची लेक ती?"

बाई मटकन बाजूच्या दगडावर बसली. "दुष्काळ पडला त्या साली झाली," ती म्हणाली. "धनी आधीच गेलेला. वरची दोन उपाशी, आणि माझ्या अंगावर दूध नाही. त्या माउलीला मूल नव्हतं. तिच्या ओटीत घातली. कधी ओळख दाखवणार नाही म्हणून देवळात बेलभंडारा उचललाय. तिला आई आहे. मी नुसती बघून जाते."

"कुणाला ठाऊक आहे हे?"

"आता तुला. तू कुठं सांगणार म्हणा."

पोर नदीच्या वाटेला लागली.

घरी आल्यावर तिनं अकरा दिवसांत पोथी लिहून काढली. विहीर, चिंच, लंगडी, कपाळावरचा डाग, सगळं जसंच्या तसं. लिहिताना ती रडत होती, आणि आपण किती छान लिहितोय हेही तिला रडतानाच कळत होतं. लिहिणाऱ्यांची जात अशीच.

महिन्याभरानं पोथीशाळेचा निरोप आला. दोरा नाही. लेखनिक अखेरच्या पानापर्यंत गेला, प्रती करायला घेत आहोत. नावाड्यानं त्या दिवशी नावेत बसणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर गूळ ठेवला.

ती पुन्हा राजधानीला गेली. पोथी कुठल्या बारा गावांना जाणार याची यादी दाराशी लावलेली होती. सातवं नाव त्या गावाचं होतं. खरं सांगायचं तर असं होऊ शकतं हे तिला आधीच ठाऊक होतं. लिहिताना ते ती मनावर येऊ देत नव्हती इतकंच. आता ते डोळ्यांसमोर शाईनं लिहिलेलं होतं.

ती म्हाताऱ्याकडे गेली. "आजोबा, माझी पोथी मला परत द्या."

"का?"

तिनं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं दाढी कुरवाळली. "गावाचं नाव बदल," तो म्हणाला.

"नाव बदललं तरी विहीर तीच, चिंच तीच. ऐकणारे त्या पोरीच्या कपाळाकडे बघतील."

"मग विहीर बदल. डाग काढून टाक."

"मग तुमचा हात चालेल का?"

म्हाताऱ्यानं खोटं बोलायचा विचार केला असावा, पण ते त्याला जमलं नाही. "थांबेल," तो म्हणाला. "सगळा जीव त्यातच आहे. आणि ऐक पोरी, निवडलेली पोथी जो आपणहून परत मागतो, त्याचं लिखाण इथं सात वर्षं उघडत नाहीत. तसा कायदा आहे. घरी जा, चार दिवस विचार कर."

चार दिवस विचार केला तर आपण पोथी ठेवून देऊ, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं तिथल्या तिथे हात पुढे केला.

नदीवर परतल्यावर तिनं नाव मधोमध नेली आणि जीर्ण पोथ्या सोडतात तशी ती नवीकोरी पोथी पाण्यात सोडली. बाप बघत होता. "इतकी वर्षं जिच्यासाठी जीव टाकलास, ती अशी सोडलीस?" त्यानं विचारलं.

"ती माझी नव्हती, बा."

मग सात वर्षं गेली. म्हणायला सोपं आहे, सात वर्षं गेली. दर सुगीनंतर पोथीशाळेचे सांडणीस्वार नदीपर्यंत येत आणि रुमालात बांधलेल्या पोथ्या तिच्याच नावेतून पलीकडे जात. दुसऱ्यांच्या पोथ्या. ती त्या जपून कोरड्या जागी ठेवायची, पलीकडे उतरवून द्यायची. एका वर्षी ती एका गावापर्यंत मागे गेली आणि देवळाच्या बाहेर उभी राहून तिनं कुणा परक्याची गोष्ट ऐकली. आतले लोक हसले तेव्हा तिला हसू आलं नाही. आपल्या पोथीतली वाक्यं तिला अजून पाठ होती. ती मनातल्या मनात म्हणायची आणि कुणाला ऐकवायची नाही.

ती बाई दर पौषात येत राहिली. दोघी त्या विषयावर पुन्हा बोलल्या नाहीत. सहाव्या वर्षी, बाई उतरून पाऊलवाटेनं निघाली असताना, नावाड्याच्या लेकीच्या ध्यानात आलं की या बाईला काय होतं ते आता आपल्याला माहीत आहे. कुणी सांगितलं म्हणून नाही. जी आपली आहे तिला आपली म्हणायचं नाही आणि लांब उभं राहायचं, हे त्या पोथीपायी सहा वर्षं तिनंही केलं होतं.

त्या दिवशी तिनं पुन्हा बोरू हातात घेतला. गोष्ट एका माळ्याची होती. राजाच्या भीतीनं तो आपल्या हातचं कलम दुसऱ्याच्या अंगणात लावतो, आणि दर वर्षी मोहोर आला की कुंपणाबाहेर उभा राहून बघून जातो. त्यात विहीर नव्हती, चिंच नव्हती, आई नव्हती, लेकही नव्हती. अठरा पानं लिहायला तिला दोन वर्षं लागली.

म्हातारा लेखनिक अजून होता, पण त्याचा हात थरथरायचा. तिची पोथी त्यानं दुसऱ्या कुणाला दिली नाही. अठरा पानं त्यानं अठरा दिवसांत उतरवली आणि दोऱ्याचं रीळ उशाखालून काढलंच नाही.

सुगी झाली, पोथ्या गावोगाव गेल्या, संक्रांत जवळ आली. बाई गेली आणि त्याच संध्याकाळी परतीच्या नावेत येऊन बसली. एरवी ती गप्प असायची. आज तिच्यानं राहवेना.

"पोरगी आज एकटीच आली होती पाण्याला," ती म्हणाली. "चौदा वर्षांची झाली. घागर खाली ठेवली आणि थेट माझ्याकडं आली. म्हणाली, तुम्ही दर सालाला इथं उभ्याच असता. देवळात त्या माळ्याची गोष्ट वाचली ना, तेव्हा मला तुम्हीच दिसलात, पाणी आलं डोळ्यांत. आज तरी बसा. पाणी घ्या."

"मग?"

"मग बसले. तिच्या हातचं पाणी प्याले." बाईनं डोळ्यांना पदर लावला. "ओळख नाही दाखवली. शब्द दिलाय. पण माझ्याशेजारी बसली होती ती, घागर उचलायची विसरून." थोड्या वेळानं ती म्हणाली, "ती गोष्ट कुणी लिहिली असेल गं? त्याच्या हातांना नमस्कार केला असता."

नावाड्याच्या लेकीनं वल्हं जरा जोरानं मारलं, म्हणजे हात कामात राहावेत.

"असेल कुणीतरी, मावशी," ती म्हणाली.

जाणती माणसं सांगून गेली आहेत ती गोष्ट अशी: दुसऱ्याचं दुःख नुसतं उचलून आणलं तर ती चोरी होते, तेच आपल्या अंगावरून गेलं, की मग त्याची गोष्ट होते.