खारवडीचा बस्त्याव

फिरंग्यांची गलबतं अजून खाडीत नांगर टाकत होती, त्या काळी खारवडी गावात बस्त्याव नावाचा एक माणूस राहत होता. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध होता आणि त्याची राखण बस्त्यावकडे होती. खारं पाणी एकदा आत शिरलं की जमीन कित्येक वर्षं पिकत नाही. म्हणून गावाचा घास त्या बांधावर टिकून होता.

ओहोटी लागली की बस्त्याव चिखलात उतरे. ‘प्रभो, बांध तुझा, हात तेवढे माझे,’ असं म्हणे आणि गुडघे टेकून खेकड्यांची बिळं शोधून लिंपे. असं म्हणतात, त्याच्या हातचा चिखल दगडासारखा धरून बसे.

एका वर्षी मोठं उधाण आलं. शेजारच्या गावांचे बांध फुटले, खारवडीचा टिकला. लोकांनी बस्त्यावची मिरवणूक काढली. जो तो म्हणे, ‘बस्त्याव आहे तोवर खाडीची काय बिशाद?’ ते शब्द त्याला गोड लागले. हळूहळू तो चिखलात उतरेनासा झाला, बांधाच्या माथ्यावरूनच फेरी मारू लागला. प्रार्थना रविवारपुरती उरली. त्याने पाप असं काही केलं नव्हतं. तो केवळ निश्चिंत झाला होता.

त्याची बायको रोजाय म्हणाली, ‘‘अहो, खेकडे मिरवणुकीला आले नव्हते. त्यांना तुमचं नाव ठाऊक नाही.’’

‘‘माझा बांध मला कळतो. तू चुलीकडे बघ.’’

भाद्रपदातल्या पुनवेला, भरदुपारी, बांधाच्या पायथ्यातून पाण्याची धार उसळली. बघता बघता घागरीएवढं भगदाड पडलं. बस्त्याव खाडीच्या बाजूने पाण्यात उतरला आणि त्याने भगदाडाला पाठ लावली. बैलाची रग त्याच्या अंगात होती, असं म्हणतात. पण त्याचे पाय घसरू लागले. रोजाय कुदळ घेऊन धावत आली.

‘‘माझ्याच्यानं होत नाही, रोजाय.’’

‘‘मला काय सांगता? ज्याचा बांध आहे त्याला सांगा.’’

तेव्हा बस्त्याव रडला. ‘‘प्रभो, बांध तुझाच. मी तो माझा म्हणून बसलो होतो. आता तूच सांभाळ.’’

असं म्हणतात, त्या क्षणी चढतं पाणी त्याच्या खांद्याशी येऊन थांबलं, दावणीला गाय उभी राहावी तसं. गाव गोळा झालं, टोपल्यांमागून टोपल्या चिखल पडला, भगदाड बुजलं, आणि मगच भरती पुढे सरकली. पाहणारे सांगत, की बस्त्यावशेजारी आणखी कुणीतरी पाठ लावून उभा होता, आणि त्याच्या तळहातांवर खिळ्यांचे वण होते.

पुढे बस्त्याव सुखाने म्हातारा झाला. कुणी वाखाणलं की म्हणे, ‘‘चला खाली, बिळं दाखवतो.’’

आजही मोठ्या उधाणाआधीच्या रविवारी, चर्चमधली मिस्साची प्रार्थना संपली की सारं गाव बांधावर जातं. त्या वर्षी ज्याचा सर्वांत मोठा सन्मान झाला असेल, त्याने आधी चिखलात उतरायचं. गेल्या वर्षी तो मान नव्या धर्मगुरूंचा होता. त्यांचा पांढरा झगा कमरेपर्यंत माखला, आणि वर उभी असलेली एक म्हातारी शांतपणे म्हणाली, ‘‘फादर, जरा डावीकडे. तिथं एक राहिलंय.’’