नदीपलीकडचे अस्वलदादा

जंगलात नुकतेच कायदे होऊ लागले होते, तेव्हाची गोष्ट. अस्वलदादांच्या सभेने एकाच बैठकीत दोन कायदे केले. नदीपलीकडून आलेल्याने जंगल सोडावं, आणि मोहाच्या दारूचा द्रोण घेऊन कुणीही कुठेही हिंडावं.

पलीकडचं रान जळालं तेव्हा इकडे आलेली भेकरीण हादरली. "दादा, माझं पाडस इथंच जन्मलंय हो!"

"मग ते इथलं, तू तिकडची. ते ठेव नि तू जा," म्हणत दादांनी द्रोण तोंडाला लावला. सभा खदखदून हसली.

संध्याकाळी पहारेकरी रानकुत्र्यांनी तिला नदीपार हाकललं. अलीकडच्या काठावर पाडस ओरडत राहिलं. ती मजा बघायला आलेले दादा झिंगून नदीत पडले आणि वाहत भेकरिणीच्याच काठाला लागले. पोहत परतले, तर रानकुत्रे आडवे.

"अरे, कायदा मीच केलाय! तुम्हाला माझ्या तोंडाचा वास येतोय म्हणून अडवता?"

"दारूला परवानगी आहे, दादा. पलीकडून यायला नाही."

ओलेचिंब दादा पुन्हा पलीकडे, भेकरिणीशेजारी येऊन बसले. "अगं, माझं घर तिकडं आहे!"

पाडसावरची नजर न काढता ती म्हणाली, "मग ओरडा की. ते केव्हाचं ओरडतंय. बघू, तुमचं तरी कुणी ऐकतंय का."