शेंड्यावरची अळी

"अजून किती वाट बघायची, अक्का? काल माझा एकसष्टावा सोमवार झाला."

अक्का हरभऱ्यात उकिडव्या बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तो घाटा सोल."

मंदाकिनीने घाटा सोलला. आत दाणा नव्हताच. हिरवीगार अळी डोकं खुपसून निवांत जेवत बसली होती.

दत्ताच्या देवळामागचं हे दोन एकर रान. रामनवमीला अख्ख्या गावाला वाढायचं पुरण इथल्याच डाळीचं. अक्का देवळातच राहायच्या. चाळीस वर्षं त्यांनी हे रान सांभाळलं आणि यंदा त्याची राखण मंदाकिनीवर सोपवली. घरचं आवरून ती रोज यायची. तिला एकच आस, अक्कांनी आपल्या कानात मंत्र द्यावा. आजवर तिनं एकही व्रत मोडलं नव्हतं... आणि ते कुणाला सांगायचंही सोडलं नव्हतं.

"आधी हरभरा वाचव," अक्का म्हणाल्या. "मग बघू."

त्यांनी माठाशेजारच्या गारव्यातली बाटली आणली. आत राखाडी पाणी. बूच काढताच मंदाकिनीने नाकाला पदर लावला.

"मागच्या साली मेलेल्या अडीचशे अळ्या आहेत यात. चेचून, फडक्यातून गाळून ठेवलेल्या."

"ई! आणि हे फवारायचं?"

"अळ्यांचाच आजार आहे तो. शिकलेले त्याला विषाणू म्हणतात. पानाबरोबर पोटात जातो. गाईला नाही, मधमाशीला नाही, तुला-मला नाही. धरतो तो या अळीलाच."

उन्हानं तो मरतो, म्हणून दिवस कलल्यावर, पाण्यात बाटलीतलं औषध आणि उन्हाला आड म्हणून चिमूटभर नीळ कालवून दोघींनी फवारणी केली.

"आता सहा दिवस विषाला हात लावायचा नाही," अक्कांनी बजावलं.

तिसऱ्या दिवशीही अळ्या खातच होत्या. शेजारचा गंपूभाऊ बांधावरून ओरडला, "वहिनी, अळ्यांना तीर्थ पाजलंत म्हणे! मग, धरला का त्यांनी उपास?"

मंदाकिनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाचव्या दिवशी दुपारी तिनं पाहिलं, तर झाडाझाडाच्या शेंड्यावर अळ्याच अळ्या! ती तशीच घरी गेली, विष कालवलं, पंप पाठीवर घेतला आणि रानात शिरली.

अक्का वाटेत उभ्या होत्या.

"बाजूला व्हा, अक्का. एक घाटा राहायचा नाही. रामनवमीला गावाच्या पानात काय वाढू?"

"अळ्या कुठं आहेत?"

"शेंड्यावर! खालची पानं सोडून वर चढल्यात. माजल्यात नुसत्या."

"शेंड्यावर..." अक्का पुटपुटल्या. "आज विष मारलंस तर आजार पोटात पिकायच्या आधीच मरतील. मागून येणाऱ्यांना मग कोण गाठणार?"

"आणि तुमचा आजार लागलाच नसेल तर?"

अक्का पुढं झाल्या. फवाऱ्याच्या तोंडावर त्यांनी आपला तळहात ठेवला.

मंदाकिनीची मूठ दांड्यावर होती. एक दाब, आणि विष थेट त्या सुरकुतल्या हातावर...

अक्का पापणीही न हलवता उभ्या.

अखेर तिनं पंप उतरवला. "उद्या सकाळपर्यंतच," ती म्हणाली.

सकाळी रानात पाऊल टाकलं तशी हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट दवानं, आंबेनं, पोटऱ्या चुरचुरल्या. पहिल्या झाडाचा शेंडा तिनं वाकवला.

अळी मागच्या पायांनी लटकत होती. डोकं खाली, अंग काळं. बोट लागलं तशी तिची कातडी फुटली आणि आतलं पाणी खालच्या पानावर ठिबकलं. त्या पानाची कड एक बारकी अळी कुरतडत होती...

दुसरं झाड. तिसरं. सगळी ओळच्या ओळ लटकलेली.

तिनं खालचा एक घाटा सोलला. आत दोन दाणे, टपोरे.

"अक्का! पुरण होणार, अक्का!" ती तिथंच मातीत बसली. मग काहीशा नवलानं म्हणाली, "मरायला टेकलेली अळी वर कशाला चढते हो? मला वाटलं, जिंकल्या."

अक्का मडकं घेऊन आल्या होत्या. पुढच्या सालाच्या औषधासाठी मेलेल्या अळ्या वेचायच्या होत्या.

"ती कुठं चढते? आतला आजार तिला चढवतो. तिला वाटतं, मीच चढले."

मंदाकिनीनं लटकलेल्या अळीकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"हो गं..." अक्कांनी सहज विचारलं, "तुझा कितवा सोमवार म्हणाली होतीस?"

आकडा जिभेवर आला. ओठांशी आला... आणि तिनं तो गिळला.

मग ती खाली वाकली. नाकाला पदर न लावता त्या काळ्या, पिळपिळीत अळ्या बोटांनी उचलून मडक्यात टाकू लागली. एक ओळ झाली, दुसरी झाली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मडकं भरलं होतं आणि तिचे हात कोपरापर्यंत बरबटले होते.

ती हात धुवायला ओढ्याकडे निघाली.

"राहू देत तसेच," अक्का म्हणाल्या. "कान इकडे कर."