पुढे कोण बसणार?

पहाटेच्या धुक्यात समुद्र जणू अजून झोपेतच होता. ग्रीसच्या एका चिमुकल्या बेटावर कालिरोई होडी वल्हवायची. त्या दिवशी समोरच्या बेटावरच्या मठात बोलणी होती. इस्रायलचे अमित्साय आणि पॅलेस्टाइनचे नबील अशा दोन पाहुण्यांना तिने तिथे पोचवायचं होतं. सोबत अथेन्सहून आलेले बडे अधिकारी थेओफानिस होते.

थेओफानिस धक्क्यावरच अडले. "पॅलेस्टिनींशी आपली जुनी मैत्री, इस्रायलशी अलीकडची जवळीक. होडीत पुढची जागा मानाची. तिथे कोण बसणार, ते तू ठरव. कुणी नाराज झालं, तर तुझा परवाना गेलाच म्हणून समज!"

पाहुणे अवघडून उभे राहिले. होडीवाचून कालिरोईला दुसरं काही येत नव्हतं. धुक्यात तरंगणाऱ्या मठाकडे ती क्षणभर बघत राहिली. मग तिने अमित्सायना पुढच्या टोकाला बसवलं, नबीलना मागच्या फळीवर, आणि स्वतः मध्ये बसून वल्ही धरली.

"म्हणजे इस्रायल पुढे!" थेओफानिस कडाडले.

"साहेब, वल्हवणारी उलट्या तोंडाने बसते. अमित्साय होडीच्या पुढे आहेत आणि नबील माझ्यापुढे."

नबीलना हसू फुटलं. पाठोपाठ अमित्सायही हसले.

"आणि मी कुठे बसू?"

"कुठेही बसा, साहेब. फक्त एका बाजूला कलू नका, नाहीतर सगळेच बुडू."

थेओफानिस होडीच्या तळाशी, दोन्ही कडांच्या अगदी मधोमध, मांडी घालून बसले. होडी अलगद धुक्यात शिरली.