पुढच्या रांगेचा नियम

सातपुडा अभ्यास केंद्राच्या परिषदेला थेट प्रागहून अभ्यासक आले होते, ते रुमलीबाई पावरांची गाणी ऐकायला. त्या मात्र मागच्या दाराजवळ अंग चोरून बसलेल्या. केंद्रप्रमुख इंदुमती खैरनारांनी त्यांना हाताला धरून पुढच्या रांगेतल्या उरलेल्या एकमेव खुर्चीवर आणून बसवलं.

कुलगुरूंच्या कपाळाला आठी पडली. "मॅडम, परिषद आंतरराष्ट्रीय आहे. जो जितक्या लांबून आला, तो तितका पुढे बसेल. इथल्या माणसांनी मागे बसायचं."

"नियम चोख आहे, सर," इंदुमतीबाई म्हणाल्या आणि पाहुण्यांकडे वळल्या. "आपल्याला इथवर यायला किती वेळ लागला?"

"वीस तास."

"आणि मावशी, तुम्हाला?"

"परवा पहाटे निघाले. डोंगर उतरले, मग होडी, मग जीप, मग दोन एसट्या. आत्ता पोचतेय."

"मग सगळ्यांत लांबून कोण आलं, सर?"

सभागृहात हशा पिकला. कुलगुरूही कसंनुसं हसले. "बरं, बसू द्या त्यांना इथं. पण मग मी कुठं बसू?"

खिडकीतून, रस्त्यापलीकडे, कुलगुरूंचा बंगला दिसत होता. इंदुमतीबाईंनी तिकडे एकवार पाहिलं.

"नियम तुमचाच आहे, सर," त्या अदबीनं म्हणाल्या. "मागच्या दाराजवळची खुर्ची आत्ताच रिकामी झालीय."