मेल्यावरचा वन्स मोअर

"मग उठला का नाहीत, बुवा?"

मिरजेतल्या आपल्या खोलीत हर्डीकरबुवा तंबोऱ्याची खुंटी पिळत बसले होते. तार काही सुरात येईना.

विचारणारा केशव धामणकर. संगीत नाटकांच्या त्या दिवसांत त्याचं नाव चांगलंच गाजत होतं, आणि ते त्याला ठाऊकही होतं. विष पिऊन मरणाऱ्या राजाचं काम तो करायचा. त्याच्या आधी तेच काम बुवांकडे होतं.

मरता मरता राजा एक पद म्हणतो आणि कोसळतो. पद रंगलं की वन्स मोअर येणारच. मग मेलेला राजा उठून बसतो, शेला झटकतो, तेच पद म्हणतो आणि पुन्हा मरतो. रिवाजच होता तसा. कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

बुवा एकदा उठले नाहीत. लोक ओरडून ओरडून थकले. मालकांनी विंगेतून शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी बुवांचं बिऱ्हाड कंपनीतून हललं, ते कायमचं.

"मी परवा तीनदा उठलो," केशव म्हणाला.

"म्हणजे चारदा मेलास."

"हो."

"दमला असशील."

केशवला ते लागलं. मग मान खाली घालून म्हणाला, "चौथ्या खेपेला राणी रडायला लागली आणि लोक हसले, बुवा. तुम्ही उठला नाहीत त्या प्रयोगाला शेवटी सगळं नाटकगृह रडलं होतं म्हणतात. म्हातारी माणसं अजून सांगतात. मला वन्स मोअर ढीगभर मिळतात, पण माझ्यासाठी एकाच्याही डोळ्यांत पाणी येत नाही. आज पुन्हा तोच खेळ आहे. काय करू, सांगा."

"पद ऐकतोस?"

बुवांनी तंबोरा उभा धरला आणि तेच पद सुरू केलं. आवाज पिचला होता, वरचा सूर पोचत नव्हता. पण शेवटच्या ओळीवर त्यांनी अशी काही जागा घेतली की केशव ताल धरायचा विसरला. तंबोरा हातातून सरकला. बुवा भिंतीला टेकले आणि त्यांची मान कलली.

"वाहवा," केशव म्हणाला. "वन्स मोअर, बुवा."

सवयच ती.

बुवा हलले नाहीत.

"अहो, वन्स मोअर..."

एक माशी येऊन बुवांच्या ओठावर बसली. त्यांनी ती हाकलली नाही.

"बुवा?"

...

केशव पुढं सरकला. त्यानं त्यांचा हात धरला, तर तो गार लागला. नाकाशी बोट नेलं, पण श्वास लागतोय की नाही, काही कळेना.

"उठा हो, बुवा. चेष्टा पुरे झाली."

...

मग त्याचा धीर सुटला. म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन तो ढसाढसा रडला. राजापार्टी नट, पण रडताना त्याला कसलंच भान राहिलं नाही. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

बऱ्याच वेळानं बुवांनी डोळे उघडले.

केशव नुसता बघत राहिला. रागावावं की हसावं, त्याला समजेना.

बुवा सावकाश उठून बसले. तंबोरा जवळ ओढून त्यांनी पुन्हा खुंटीला हात घातला.

"मघाशी वन्स मोअर दिलास," ते म्हणाले. "मग रडलास. आता देतोस?"