वायरीची खोडी

किक मारल्याशिवाय मोटारसायकल सुरू होत नसे, त्या काळची गोष्ट. इस्माईलमिस्त्रींची जुनी गाडी एका सकाळी काही केल्या सुरू होईना. त्यांनी प्लग काढला, घासला, परत बसवला. गाडी गप्पच.

"म्हातारा झालास रे! आता भंगारात जाणार," प्लगची वायर खुदखुदली.

"अगं, माझ्यापर्यंत वीजच येत नाही," प्लग रडवेला झाला.

येणार कशी? वायरीचं रबर चिरलं होतं. तिथून सगळी वीज गाडीच्या सांगाड्याला देऊन ती मजा बघत होती.

मिस्त्रींनी वायर धरून शेवटची किक मारली. वायरीला राहवलं नाही. तिने त्यांनाही सणसणीत झटका दिला.

मिस्त्री टुणकन उडाले. "अस्सं! चोर इथे आहे होय!"

दुपारी नव्या वायरीने विचारलं, "आधीची कुठे गेली?"

"मिस्त्रींना गुदगुल्या करायला गेली होती," प्लग म्हणाला आणि त्याने झकास ठिणगी पाडली.